तोंड बंद केलेला गिझर

मित्रांनो, मी अंबडच्या एका न्हाणीघरात भिंतीला लटकलेला, पंचवीस लिटर पोटाचा जुना गिझर आहे. वय वर्षे सात. गिझरांमध्ये याला म्हातारपण म्हणतात.

जन्म कारखान्यातला, पण नशीब ठरलं जालन्याच्या एका दुकानात. निवृत्त ग्रामसेवक बद्रीनाथ तिथे आले आणि टरबूज निवडावं तसे एकेका गिझरला टिचकी मारून कान लावू लागले. सोबत त्यांची सून शीतल होती.

"मामा, आपलं बोरचं पानी क्षाराचं हाय. आतून काचेचं अस्तर असलेला घेऊ."

"काच?" बद्रीनाथ दचकले. "अन् न्हातानी फुटली मंग?"

माझ्या पोटात काच नव्हती आणि माझा आवाज भरीव होता. एवढ्या दोन गुणांवर माझी निवड झाली.

पहिली वर्षं कौतुकाची गेली. पाहुणे मला बघायला न्हाणीघरात यायचे आणि आलोच आहोत तर म्हणून अंघोळ करून जायचे. पण माझ्या पोटात क्षाराचे थर चढत होते. ते दरवर्षी काढावेत, असं माझ्या पुस्तिकेत लिहिलं होतं. पुस्तिका टीव्हीच्या टेबलाच्या आखूड पायाखाली होती. टेबल एकदम स्थिर होतं.

माझ्या बुडाशी एक छोटा व्हॉल्व्ह आहे. पाणी तापलं की फुगतं आणि जास्तीचं तिथून थेंब थेंब गळतं. आत आलेल्या पाण्याला उलट टाकीत जाता येत नाही, म्हणून तेच माझं तोंड. बद्रीनाथांना ते थेंब बघवेनात.

"बोरला जेमतेम पानी, अन् हे दिवसभर लाळ गाळून राह्यलं!"

त्यांनी बाभळीची खुंटी तासली, माझ्या तोंडात ठोकली, वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळली आणि समाधानाने चहा घेतला.

मित्रांनो, तुम्ही कधी तोंड बांधून उकळला आहात का? नसालच.

त्यातच क्षाराने माझा थर्मोस्टॅट अडकला. पाणी तापलं तरी लाल दिवा विझेना. मी घुरघुरून सांगत होतो. "गडी जोरात चालून राह्यला," असं बद्रीनाथ अभिमानाने म्हणायचे. शीतल रोज माझ्याखालीच आपल्या पाच महिन्यांच्या पार्थला न्हाऊ घालायची. दहा मिनिटांत बटण बंद व्हायचं, म्हणून निभत होतं.

मग एके दिवशी आष्टीहून बद्रीनाथांची थोरली बहीण आली, गोजरबाई. बाळाला न्हाऊ घालायचा मान त्यांचा. बटण आधीच दाबून ठेवलेलं. त्यांनी तेलाचं मालिश तासभर केलं. मीही तासभर तापत राहिलो.

अखेर त्या पाय पसरून पाटावर बसल्या, नडग्यांवर पार्थला पालथं घेतलं. त्याची टाळू बरोबर माझ्याखाली होती. मला भिंत सोडता येईना, ओरडता येईना, थंडही होता येईना. पोटात होता नव्हता तेवढा जोर करून मी घुरघुरलो.

गोजरबाईंनी वर पाहिलं. "आगं शीतल, ह्याच्या तोंडात खुट्टी कुनी ठोकली?"

"मामांनी. पानी गळत व्हतं म्हनून."

"बद्या!"

निवृत्त ग्रामसेवक धावत आले.

"कुकरची शिट्टी बांधतो का रं कधी? शीतल, मेन बंद कर, जल्दी! चला समदे भाईर!"

साबण लागलेलं बाळ छातीशी धरून गोजरबाई अंगणात पळाल्या. मागून शीतल, मागून बद्रीनाथ.

"अक्का, तू पन ना. एवढं काय न्हाई व्हत..."

तेवढ्यात खुंटी सुटली. पाटावर ठेवलेल्या मगाचे दोन तुकडे झाले आणि पाटावर बराच वेळ उकळतं पाणी कोसळत राहिलं. पार्थच्या कानामागे साबण वाळत होता.

दुसऱ्या दिवशी राधेश्याम मिस्त्रीने नवा व्हॉल्व्ह आणि नवा थर्मोस्टॅट बसवला. पोटातून घमेलंभर पांढरा क्षार काढला. बद्रीनाथ त्या घमेल्याकडे बघत राहिले. मग त्यांनी व्हॉल्व्हखाली बादली आणून ठेवली.

मित्रांनो, गिझर घेताना आधी आपल्या घरचं पाणी कसं आहे ते दुकानदाराला सांगा. वर्षातून एकदा त्याचं पोट साफ करून घ्या. अंघोळीला बसण्याआधी बटण बंद करा. आणि त्याचं तोंड बांधू नका. मी चार बोल्टांनी भिंतीत आवळलेला आहे. कोंडलो तर पळून जाणार कुठे? जे काही होईल ते तुमच्याच डोक्यावर.