शाळेसमोरचा उंट

"दाजी, तुमच्या या उंटाला माझा साष्टांग नमस्कार!" रुग्णवाहिका कडेला लावून मुकादमाचा मेहुणा खाली उतरला. "मघाशी आत असलेल्या आजोबांनी माझ्या सात पिढ्या उद्धारल्या. बरं झालं, त्यांना घरी सोडून आलो."

"गाडी हळू घ्यावी," मुकादम म्हणाला.

"याहून हळू म्हणजे उतरून ढकलावी लागेल."

शाळेसमोरचा तो गतिरोधक मुकादमाच्या हातचा होता. याच रस्त्यावर तो खड्डे बुजवत असताना एका ट्रकने शाळेतल्या मुलीला उडवलं. तिला उचलून रिक्षात त्यानेच ठेवलं. मुलगी वाचली, पण अजून पाय ओढत चालते. पुढे गतिरोधक मंजूर झाला, तेव्हा नकाशात होती त्याहून बरीच जास्त उंची त्याने दिली. साहेबांनी विचारल्यावर "डांबर जास्त आलं होतं," असं सांगून मोकळा झाला. लोक त्या गतिरोधकाला मुकादमाचा उंट म्हणू लागले. हे नाव कानावर पडलं की तो मिशीतल्या मिशीत हसायचा.

"तुमच्या आईला पुढच्या आठवड्यात याच रस्त्याने घरी आणायचंय," मेहुणा म्हणाला. "खुब्याचं ऑपरेशन आहे. जरा विचार करा."

"आईसाठी पोरांचा जीव धोक्यात घालू? यातली खडीसुद्धा हलणार नाही."

"पोरांचंच म्हणतोय मी. उद्या शाळा सुटताना, पोरांना रस्ता ओलांडून देतात त्या दारातल्या मावशींशेजारी उभे राहा. मग बोलू."

दुसऱ्या दिवशी मुकादम उभा राहिला. ट्रक आला, कण्हत थांबला आणि रांगत पलीकडे गेला. त्याच्यामागून बसही तशीच गेली. मुकादमाची छाती फुगली.

"बघितलंत ना, मावशी?"

"मोठ्या गाड्या काय बघता? इकडे कडेला बघा."

पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून मुकादमाने गतिरोधक कडेपर्यंत नेला नव्हता. फूटपाथलगत हातभर जागा मोकळी होती. उंट चुकवायला एकामागून एक मोटारसायकली त्या फटीतून सुसाट निघत होत्या. मुलं फूटपाथवरून उतरायची ती नेमकी तिथेच. मावशीने एका पोरीला दप्तराला धरून मागे खेचलं.

"रोजचंच आहे हे," ती म्हणाली. "तुम्ही त्या मुलीला उचललं होतंत, म्हणून कोणी तोंडावर बोललं नाही."

मुकादम तिथून थेट साहेबांकडे गेला.

"साहेब, त्या दिवशी डांबर जास्त आलं नव्हतं. राग जास्त आला होता. मी घातला, मीच फोडतो."

सुट्टीच्या दिवशी त्याने डांबर फोडायचं ब्रेकर मशीन दुसऱ्या कोणाच्या हाती दिलं नाही. उंट फुटला. त्या जागी लांब उताराचा, सपाट माथ्याचा बुटका गतिरोधक या फूटपाथपासून त्या फूटपाथपर्यंत घातला. पाण्यासाठी खालून पाइप काढला. डांबर गरम होतं तोवर मुकादम दंताळं घेऊन उतार सारखा करत राहिला. पुन्हा मागे येऊन बघायचा, पुन्हा सारखा करायचा.

"मुकादम, उंटाची शेळी केलीत की!" टोळीतला एकजण म्हणाला.

"शेळी दूध तरी देते. फावडं मार."

आईला घरी आणलं तेव्हा मेहुणा गाडी चालवत होता आणि मुकादम आत तिच्याजवळ बसला होता. शाळा नुकतीच सुटली होती. एक घोळका रस्ता ओलांडेपर्यंत मेहुण्याने गाडी थांबवली आणि मग सावकाश पुढे काढली. आईने स्ट्रेचरची दांडी घट्ट धरली होती. डोळेही मिटलेले.

"शाळा आली की सांग रे. तिथे फार दणका बसतो म्हणतात."

"शाळा मागे गेली, आई."

"मग तुझा तो उंट?"

"तोही गेला."

मेहुण्याने आरशातून एकदा दाजींकडे पाहिलं.

आईची मूठ हळूहळू सैल झाली. मुकादम मागच्या काचेतून बघत होता. मावशीने पुन्हा हात वर केला होता. अगदी कडेची मोटारसायकलसुद्धा रांगेत, पाय टेकवून उभी होती. आणि मुलं नव्या गतिरोधकाच्या सपाट माथ्यावरून, खाली न बघता, गप्पा मारत चालली होती.