नागलक्ष्मीचं उतरलेलं भूत

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत मंगळवारी दुपारी नागलक्ष्मी नेहमीसारखी कॉफी गाळत होती. चार वाजले, कोपऱ्यावर बसचा हॉर्न वाजला आणि आतल्या खोलीत तिची लेक हरिप्रिया थरथरू लागली.

दोन महिन्यांपूर्वी सासरहून, ओरत्तनाडूहून येताना हरिप्रियाची बस उलटली होती. दोन तास ती एका मेलेल्या बाईखाली अडकून पडली. हाडं शाबूत निघाली म्हणून घरच्यांनी नारळ फोडला आणि विषय संपवला. पण हॉर्न ऐकला की पोरीचे दात वाजत, हातपाय उडत. मग तिचे वडील अनिरुद्धराव आणि आत्या शेषम्मा धावत येऊन तिला गच्च दाबून धरत. दाबलं की ती किंचाळे.

"ऐकलंस कां? ती मेलेली बाईच ओरडते," शेषम्मा म्हणे.

इलाज ठरला होता. शुक्रवारी गावाबाहेरच्या देवळात न्यायचं, केस खांबाला बांधायचे आणि पुजाऱ्याने वेताने भूत उतरवायचं. त्याआधी सून घरात नको, असा सासरचा निरोपही आला होता.

"आमच्या नागलक्ष्मीचं नाही कां उतरलं?" शेषम्मा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे.

तीस वर्षांपूर्वी पहिलं मूल जन्मताच गेलं, तेव्हा नागलक्ष्मीही अशीच थरथरायची. तोच खांब, तोच वेत. तिसऱ्या फटक्याला ती गप्प झाली आणि सगळे आनंदाने घरी परतले. तेव्हापासून तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. त्याची चौकशी कुणी केली नाही. तिचा दाखला ऐकून गल्लीतल्या किती लेकी त्या खांबापर्यंत गेल्या, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी ती बोलली नाही. गप्प राहणं हाच तर तिच्या बरं होण्याचा पुरावा होता!

बुधवारी समोरच्या घरातली श्रीविद्या आली. ती इस्पितळात फिजिओथेरपी करते. हॉर्न वाजला, तसं तिने कुणालाही हरिप्रियाला धरू दिलं नाही. समोर जमिनीवर बसून म्हणाली, "पाय टेक. भिंत ढकल. श्वास हळू सोड. थरथर येते तर येऊं दे, अडवूं नको."

दहा मिनिटांत अंग शांत झालं. पोरीने आपणहून दहीभात मागितला.

"मामी, अपघातात अंगाला पळायचं होतं, पळतां आलं नाही," श्रीविद्या नागलक्ष्मीला म्हणाली. "दाबूं नका तिजला. बसमध्येही असंच दाबलं गेलं होतं. वेळ लागेल. मनाच्या डॉक्टरलाही दाखवूं."

"श्वास सोडला की भूत जातं म्हणून कोण सांगितलं?" अनिरुद्धराव हसले. "गाडी सांगून झाली."

गुरुवारी शेषम्माने भाचीच्या केसांना भरपूर तेल लावलं, पण वेणी घातली नाही. हरिप्रियाला वाटलं, आत्या लाड करते आहे. दाराशी कडुलिंबाचे डहाळे आणि नवी दोरी आणून ठेवली होती. मोकळे केस कशासाठी, ते नागलक्ष्मीला कळलं आणि तिचं स्वतःचंच डोकं ठणकू लागलं.

शुक्रवारी सकाळी गाडी आली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. हरिप्रिया थरथरू लागली, शेषम्माने दोरी उचलली.

नागलक्ष्मीने दाराला कडी घातली आणि पाठ लावून उभी राहिली.

"अक्का, हात लावूं नका तिजला. माझं कांही उतरलं नाही."

"काय बडबडतेस?" अनिरुद्धराव ओरडले.

"खरं सांगतें, अहो. मार सोसेना म्हणून गप्प झालें. तीस वर्षं खोटं खपवलं मी."

बोलता बोलता तिचा उजवा खांदा हलू लागला. मग हात, मग गुडघे. ती दारालाच टेकून खाली घसरली.

"अय्यो! हिजलाही धरलं!" शेषम्मा किंचाळली. "दोघींना घाला गाडीत!"

बाहेर पुन्हा हॉर्न वाजला. गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. नागलक्ष्मीचा दाखला ऐकून आपल्या लेकी खांबाला बांधून आलेल्या बायका त्या खिडक्यांत उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. अजून त्यांतली एकही रस्त्यावर उतरली नव्हती.

आत दोरी घेऊन शेषम्मा पुढे सरकली. तेवढ्यात दात वाजत असलेली हरिप्रिया रांगत आईपर्यंत पोचली, आईच्या आणि दोरीच्या मध्ये, दोरीकडे पाठ करून बसली.

"आई," ती म्हणाली, "पाय टेक. अडवूं नको."