कोरी पट्टी

धर्मपाल सरांनी मुख्याध्यापिका सुभद्राबाईंकडून सात आठवडे मागून घेतले होते. त्यांच्या दुसरीच्या वर्गातली अरीबा गणितात फार मागे होती आणि बाईंनी तिला गणिताच्या तासाला पहिलीत बसवायचं ठरवलं होतं. त्याच सुमारास अमरावतीच्या विद्यापीठातून लाकडी ठोकळ्यांची पेटी अकोल्याच्या या शाळेत आली. चित्रातला आकार ठोकळ्यांनी रचायचा, फिरवून पाहायचा, मोडायचा, पुन्हा रचायचा. त्याने पोरांचं गणित सुधारतं का, हे विद्यापीठाला पाहायचं होतं. अरीबा ठोकळे सगळ्यांच्या आधी लावायची. म्हणून सर बाईंना म्हणाले होते, "चाचणीपर्यंत राहू द्या तिले." एवढं बोलायलाही त्यांना दोन दिवस लागले होते.

आज विद्यापीठाचा ललित चाचणी घ्यायला आला. कागदावर एक कोरी पट्टी होती. तिच्यावर एक ते वीस क्रमाने मांडले, तर तीन, सहा, चौदा आणि अठरा कुठे येतील, तिथे खूण करून तो आकडा लिहायचा.

ललितने अरीबाचा कागद तपासला. "चारही चूक," तो म्हणाला.

"ठोकळे तर लई लावले म्हणे," सुभद्राबाई म्हणाल्या. "उद्यापासून पहिलीत."

सरांना वाटलं, आपणच पोरीला उगाच आशेला लावलं. कागद हातात घेऊन ते खिडकीशी गेले, मुख्यतः बाईंची नजर चुकवायला. कागद उजेडात उलटा धरला गेला आणि खुणा आरपार दिसल्या. मागच्या बाजूने पाहिलं, तर सगळ्या खुणा जिथे हव्या तिथेच होत्या. त्यांनी ललितकडून बरोबर उत्तरांचा कागद घेतला, त्यावर हा कागद पालथा ठेवला आणि पुन्हा उजेडात धरला. खुणा नेमक्या उत्तरांवर बसल्या.

"अरीबा, एक कुठून धरला तू?"

तिने पट्टीच्या उजव्या टोकावर बोट ठेवलं. "इकडून."

"काहून?"

"सबक इकडूनच सुरू होते ना, सर. दादी रोज घेते."

दादी म्हणजे खुर्शीदबी. शाळेच्या आधी ती नातीचा धडा घ्यायची: अरबीचा कायदा, म्हणजे मुळाक्षरांचं पुस्तक, ओळ उजवीकडून.

"सूचनेत कोणतं टोक ते लिहिलंय का?" सरांनी विचारलं.

ललितने सूचना वाचली, मग पुन्हा वाचली. "नाही. डावं टोक धरूनच चालतात सगळे."

सरांनी दुसरी कोरी पट्टी दिली आणि तिच्या डाव्या टोकावर बोट ठेवलं. "आता एक तिकडून, दाराकडून." अरीबाने चार खुणा केल्या. चारही बरोबर.

"दुसऱ्या वेळची नोंद मला घेता येत नाही," ललित म्हणाला. "माझ्याकडे शून्यच जाईल."

"जाऊ द्या," सर म्हणाले. मग बाईंकडे वळले. "बाई, पोरीले मोजता येते. कुठून मोजते, हे मीच तिले कधी विचारलं नाही."

सुभद्राबाईंनी दोन्ही कागद खिडकीशी धरून पाहिले. घाई केली नाही.

"त्यांचं शून्य त्यांच्यापाशी," त्या म्हणाल्या. "पोरगी बसू द्या दुसरीतच. तुमच्या भरवशावर."

अरीबा बाकाकडे निघाली आणि अर्ध्यात थांबली.

"सर, मराठीत एक तिकडून असते, हे आधी काहून नाही सांगतलं?"

सरांनी खडू घेतला, फळ्यावर एक पट्टी आखली आणि तिच्या डाव्या टोकाशी मोठा एक लिहिला.