दसऱ्याच्या पाटावर

माझा भाऊ हितेश भारी कंपनीचा लॅपटॉप घेऊन आला, तेव्हा या साहेबांनी खोक्याचाही फोटो स्टेटसला टाकला. मीही तोच घ्यावा, असा त्याचा हट्ट होता. मी सुटे भाग आणून कॉम्प्युटर स्वतः जोडला, तर म्हणाला, "हा डबा? गोदामाची इज्जत घालवशील!"

पडघ्याच्या आमच्या गोदामात आलेल्या-गेलेल्या ट्रकांची सगळी नोंद त्याच डब्यावर होते. लॅपटॉपला धूळ सोसत नाही म्हणे. पण कंपनीचं चिन्ह लोकांना दिसलं पाहिजे, म्हणून हितेश लॅपटॉपची पाठ दाराकडे करून दिवसभर बसतो. आत काय चालू असतं? क्रिकेट!

दसऱ्याला आमच्या आत्याने, म्हणजे आक्काने, गोदामात पूजा मांडली. वजनकाट्याला, पान्यांना, हातगाडीला हळदकुंकू लावलं. माझ्या धुळकट डब्याला झेंडूची माळ घातली. हितेशने लॅपटॉप फडक्याने पुसून पाटावर ठेवला.

आक्काने तो उचलून परत त्याच्या हातात दिला.

"आज हत्यारांची पूजा हाय, हितेश. दागिने लक्ष्मीपूजनाला काढ."