ढोलीवरचा अर्धा मोर

भागीरथा, माझी बायको, जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. धानाच्या ढोलीवर तिनं केलेला मोर मात्र तसाच होता. ढोली म्हणजे बांबूची उंच कणगी, शेणमातीनं लिंपलेली. नवं धान भरायच्या आधी ती दरवर्षी सारवतात. सारवून झालं की भागीरथा मातीच्या वळ्या लावून तिच्यावर उठावाची चित्रं करायची आणि पांढऱ्या मातीनं रंगवायची. शेवटच्या वेळी मोराचा पिसारा अर्धा झाला आणि तिला ताप आला. त्यातून ती उठली नाही.

पुढच्या हंगामात मी ढोली सारवू दिली नाही. धान पोत्यांत राहिलं आणि उंदरांनी पोती फाडली.

"मामाजी, पोपडे निघून राह्यले," सून कमळा म्हणाली. "अशानं ढोली जाईन."

"जाऊ दे," मी म्हणालो.

१९५७ च्या जानेवारीत नागभीडच्या वाचनालयाच्या सभागृहात चित्रांचं प्रदर्शन भरणार होतं. पाट्या रंगवणारा गफ्फार त्याची व्यवस्था पाहत होता. आमच्या गावी एक बैलबंडी रंगवायला आला तेव्हा त्यानं ढोली पाहिली होती.

"दादाजी भाऊ, कागदावरची चित्रं तर हायेतच," तो म्हणाला. "हे बी दाखवू."

ढोली ढासळायच्या आत भागीरथाचं काम लोकांनी पाहावं, एवढंच माझ्या मनात होतं. बंडीत तणस अंथरून मी ती नेली. तीन कोस बैल हळूहळू चालवले.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी मी बैलांना पाणी दाखवायला गेलो. परत आलो तर सभागृहाची जमीन सारवायला आलेली सुगंधाबाई ढोली सारवत होती. मोर पूर्ण झाकला होता.

"सारवणाचा काला उरला होता, भाऊ," ती म्हणाली. "पाहुणे येतील, अन् हे बिचारी पोपडे निघालेली उभी. बरं नाई दिसत."

मी खाली बसलो. गफ्फारनं तिला सगळं सांगितलं.

"मंग मले आधी काऊन नाई सांगितलं?" ती त्यालाच म्हणाली. मग ढोलीजवळ जाऊन तिनं ओल्या सारवणावरून बोटं फिरवली. बराच वेळ फिरवली.

"पांढरी गेली, भाऊ. तिची माती नाई गेली. या, हात लावून पाहा."

मी हात लावला. पातळ थराखाली मान लागली, तुरा लागला. मग पिसं लागली, एकेक.

दुपारपर्यंत सारवण सुकलं. सुगंधाबाईनं घरून पांढरी माती आणली आणि बोटाला लागेल त्याच उठावावर लावत गेली. पिसारा संपला तिथं थांबली.

"राह्यलेला करून देऊ? मले येते."

"नाई," मी म्हणालो. "तिनं केला तेवढाच."

गफ्फार ढोलीवर लावायची नावाची चिठ्ठी लिहायला बसला. "भागीरथा दादाजी लिहू?"

"माहं नाव काऊन? मी नुसतं धान भरलं."

संध्याकाळी लोक आले. दारावर 'प्रवेश मोफत' अशी पाटी होती, म्हणून बरेचजण बाहेरच उभे होते.

"फुकट दाखवते म्हंजे आत काहीतरी गळ्यात मारन," एकजण म्हणाला.

"तुह्या गळ्यात काय मारतेत? हे ढोली?" गफ्फार म्हणाला. लोक हसले आणि आत आले.

बाया कागदावरच्या चित्रांसमोरून पटपट पुढे सरकत होत्या आणि ढोलीपाशी थांबत होत्या. त्या कामात काय लागतं ते त्यांना माहीत होतं. एक म्हातारी म्हणाली, "वळी कुठीच तुटली नाई. असा हात आमच्या गावात कोणाचा नाई." मी तिच्या मागेच उभा होतो. माझी मान वर झाली. भागीरथा हयात असताना तिच्या हाताबद्दल मी असं एकदाही बोललो नव्हतो.

"अर्धाच काऊन केला?" म्हातारीनं विचारलं.

"तेवढाच वेळ होता तिले," मी म्हणालो. "माही बायको होती."

तिनं पदर सावरला आणि हात लावून मोर पुन्हा पाहिला. ढोलीपाशी लावलेली 'हात लावू नये' ही पाटी गफ्फारनं आपणहून काढली.

पाच दिवसांनी ढोली घरी आणली. कमळानं पोती ओढत आणली आणि माझ्याकडे पाहत उभी राहिली.

"भर," मी म्हणालो. "अन् पुढच्या साली सारवशीन तं पातळ सारव."