हाडातला मेट

"नागपूरच्या डॉक्टरले कोणं सांगतलं का मी मेट होती म्हून?"

नागपूरहून परतीच्या वाटेवर गाडी सावनेर ओलांडत असताना मायनं हे विचारलं. माझी माय, शकुंतलाबाई, मोहगावात रोजगार हमीच्या कामांवर मेट होती. मजुरांची हजेरी घ्यायची, खड्डे आखून द्यायची, भांडणं सोडवायची. चार वर्षांपूर्वी तिचा डावा स्तन काढला, तेव्हाही जखम पुरती सुकायच्या आत ती तळ्याच्या कामावर जाऊन उभी राहिली होती. आज तिला तपासताना मोठा डॉक्टर धाकट्या डॉक्टरला म्हणाला, "हाडांत मेट्स आहेत." त्या सगळ्या बोलण्यात मायला तेवढा एकच शब्द ओळखीचा वाटला.

नंतर तिला बाहेर बसवून डॉक्टरांनी मला आणि माझ्या भावाला, सुमेधला, सगळं सांगितलं होतं. कॅन्सर परत आलाय, मणक्यांत आणि मांडीच्या हाडात पसरलाय. अशा पसरलेल्या गाठींनाच ते मेट्स म्हणतात. पूर्ण बरा होणार नाही, पण औषधांनी बराच काळ आवरता येईल. बाहेर पडताना सुमेधनं मला दटावलं, "करुणा, मायले एक शब्द सांगू नको. हाय खाऊन मरन ते."

"मीनंच सांगतलं," आता तो मायला म्हणाला. "लय तारीफ करून राहिला होता तुयी."

माझा भाऊ खोटं बोलायला लागला की थांबतच नाही. माय मात्र खूष. सौंसरला चहाला थांबलो तर टपरीवाल्या अनिललाही तिनं ऐकवलं, "नागपूरचा डॉक्टर मले मेट म्हणते, समजलं?" आणि पाठ ठणकत असतानाही पदर सावरून ताठ बसली.

ते मला बघवेना. कामावर न येता हजेरी लावा म्हणणाऱ्या पुढाऱ्याला जिनं आल्या पावली परत पाठवलं, तिला आम्ही पोटची पोरं तोंडावर हसून फसवत होतो. माझं डोकंच फिरलं.

"माय, तो तुले मेट नाही म्हणला," मी म्हणाले, आणि सगळं सांगून टाकलं. सुमेधनं बाकाखालून माझा पाय दाबला. मीही त्याचा दाबला, चांगला जोरात.

मायनं कप खाली ठेवला. डोळे भरून आले तिचे. चहावर साय धरली. सुमेधचंच खरं होतं की काय, असं वाटून मी घाबरले.

"आवरता येते म्हणला?" तिनं विचारलं.

"हाव. बरं नाही होत, पण आवरता येते."

"मंग मेटचं दुसरं काम काय असते वो?" तिचा आवाज चढला, तसा अनिलनं स्टोव्ह बारीक केला. "दारू पिऊन आलेले आवरले मीनं, फावडं घेऊन अंगावर आलेले आवरले. एकाले तरी बरं केलं का? माह्या हाडात मले न इचारता कोणी मेट होऊन बसन, अन् माहेच पोट्टे मले सांगणार नाही?"

सुमेध रडायलाच लागला. "भेव वाटला, माय."

"मले बी वाटून राहिला." तिनं गार चहा एका घोटात संपवला. "सोमवारपासून औषध सुरू करा म्हणा. मी येतो."

मग गाडीकडे चालता चालता ती वळली.

"अन् सुमेध, आजची तुयी हजेरी कटली."