शेवटचा गडवा

"रडू दे त्याले. रडलं म्हनजे छाती मोकळी होते," हंसाबाई म्हणाली आणि पायांवर पालथ्या घातलेल्या बाळाच्या पाठीवर तिनं कोमट पाणी सोडलं. बाळाची आई अंजू न्हाणीच्या दाराशी बसून डोळे पुसत होती. पहिलटकरीण, लेकरू रडलं की हीही रडायची. तिची सासू नंदाबाई शेगडीत ओवा टाकत होती. तांड्याचा नायक धनसिंग याचं हे पहिलं नातवंड, त्यामुळे न्हाणीपुढे रोजची जत्रा.

हंसाबाईनं बाळाला उताणं केलं, मानेखाली हात दिला आणि शेवटचा गडवा भरला. तिचे ओठ हलले. मग पाणी बाळाच्या टाळूवरून हळूच ओघळलं.

"काकी, पाहा! काहीतरी पुटपुटून राह्यली हे!"

धनसिंगचा पुतण्या राजकुमार मोबाईल समोर धरून उभा होता. हंसाबाईच्या हातातला गडवा खणकन खाली पडला.

हंसाबाई मुळातच भित्री. पालीला भ्यायची, वीज कडाडली की खाटेखाली शिरायची, एसटीच्या कंडक्टरनं जरा आवाज चढवला तर चुकीच्या गावाला उतरून जायची. आर्णीच्या ख्रिस्ती लोकांच्या पत्र्याच्या देवळात दर रविवारी प्रार्थना होई. तिथं देवानं आपलं काय भलं केलं याची सगळ्यांपुढे साक्ष द्यायची तिची पाळी आली की हिला हटकून माठात पाणी भरायचं आठवे. पास्टर म्हणत, विश्वासणाऱ्यानं भिऊ नये. हंसाबाई तेव्हा आपल्या चपलांकडे बघत बसे.

त्या देवळात ती कशी गेली, त्यात चमत्कार काहीच नव्हता. नवरा बाबूसिंग यवतमाळच्या दवाखान्यात पडलेला असताना शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची मुलगी त्यांना आपल्यातली भाकर द्यायची आणि डोळे मिटून प्रार्थना करायची. बाबूसिंग काही वाचला नाही. पण ती बाई नंतरही तांड्यावर येत राहिली, हंसाबाईजवळ नुसती बसत राहिली. नवरा गेल्यावर सगळ्यांचं येणं आटलं होतं, तिचं तेवढं आटलं नाही. हंसाबाई तिच्या मागून देवळात गेली ती तिथलीच झाली.

अडचण एकच झाली, ती शेवटच्या गडव्याची. तांड्यातली बाळं न्हाऊ घालणं हे तिचं काम सासूकडून आलेलं. शेवटचा गडवा लेकरावरून ओवाळून बाजूला ओतायचा, म्हणजे दृष्ट पाण्याबरोबर जाते, अशी रीत. ते ओवाळणं आता तिच्या हातून होईना. गडवाच सोडला तर आया घाबरतील. मग तिनं आपल्यापुरती वाट काढली. गडवा भरायचा, ओवाळायचा नाही, मनातल्या मनात दोन शब्द बोलायचे आणि पाणी टाळूवर सोडायचं. आपण कोणाला न दुखवता निभावून नेतो, असं तिला वाटत होतं. टाळूवर पाणी आणि पुटपुटणारे ओठ, हे बघणाऱ्याला कसं दिसेल हे काही त्या भोळीच्या डोक्यात आलं नाही.

दुपारी तिचा मुलगा सुनील ऑटो घेऊन अवेळीच घरी आला. त्याचा चेहरा उतरलेला होता.

"याडी, खरं सांग. तू लेकरायले बाप्तिस्मा देऊन राह्यली का?"

"कोन म्हंते?"

"सगळे म्हनून राह्यले! राजकुमारनं व्हिडिओ ग्रुपवर टाकला. आर्णीच्या स्टँडवर दोन बाया माह्या ऑटोतून उतरून गेल्या. म्हने, तुही माय पोट्टे बाटवते."

"अरे, बाप्तिस्मा द्याले पास्टर लागते," हंसाबाई म्हणाली. "मले तं देवाचं नाव मोठ्यानं घ्यालेही भेव वाट्टे."

"मंग कायले पुटपुटतं?"

सुनील तिच्यापुढे उकिडवा बसला. "नायकानं संध्याकाळी बोलावलं आहे. तू फक्त म्हन, मी काही म्हनत नाही. एवढंच. आपल्याले याच तांड्यात राहाचं आहे याडी. उद्या पानी बंद केलं, तं काय करशीन?"

तेव्हापासून बाहेर मोटरसायकल वाजली की तिला वाटे, पोलीस आले. शेजारीण नेहमी कुंपणापाशी थांबून दोन गोष्टी करायची, ती आज खाली बघून निघून गेली. हंसाबाईनं चुलीवर पिठलं टाकलं आणि त्यात मीठ टाकलं की नाही हे तिला आठवेना. प्रार्थना करायला बसली तर शब्द सुचेनात. भीतीनं तिचं तोंड आतूनसुद्धा बंद केलं होतं.

संध्याकाळी धनसिंगच्या ओसरीवर माणसं जमली. भिंतीवर सेवालाल महाराजांचा फोटो, खाली खाटेवर धनसिंग. तो वाईट माणूस नव्हता. बाबूसिंगबरोबर लहानपणी गुरं राखलेला. आतल्या दारात नंदाबाई आणि बाळाला पदराखाली घेतलेली अंजू.

"हंसाबाई, हे पाहा," धनसिंग म्हणाला, "मले भांडन वाढवाचं नाही. तू चार लोकायसमोर सांग, मी पानी टाकतांनी काहीच म्हनत नाही. मी राजकुमारले तो व्हिडिओ काढून टाकाले लावतो. विषय खतम."

किती सोपं होतं! तिला 'नाही' म्हणायचंच होतं, अगदी मनापासून म्हणायचं होतं. मागून सुनीलचा श्वास ऐकू येत होता. पण समोर अंजूच्या पदराखाली बाळाची टाच दिसत होती. या तांड्यातली कितीतरी लेकरं हंसाबाईच्या पायांवर न्हाऊन मोठी झाली होती. प्रत्येकाला तिनं त्या शेवटच्या गडव्याबरोबर कोणाच्या तरी हवाली केलं होतं. आता 'काहीच नाही' म्हटलं, तर ती सगळी एकदम कोणाचीच नाहीत असं होईल, असं तिला वाटलं.

"म्हंतो," ती म्हणाली.

आवाज इतका बारीक की धनसिंगनं कान पुढे केला. "काय?"

"म्हंतो मी. येशूचं नाव घेतो. त्याले म्हंतो, देवा, हे लेकरू तुयं आहे. माह्या हातून काही चुकलं असंन, तं ह्याले भोगाले लावू नको."

"बस? एवढंच?"

"एवढंच. मले जास्ती येत नाही."

राजकुमार ओरडला, "कबूल केलं! ऐकलं ना सगळ्यायनं?" आणि एकदम कल्ला झाला. हंसाबाईनं दोन्ही हातांनी डोकं झाकलं, कोणी मारणार असल्यासारखं. कोणी मारलं नाही. धनसिंगनं हात वर करून कल्ला थांबवला. म्हणाला, "उद्यापासून कोनाच्या घरी न्हाऊ घालाले जाऊ नको. कोनाच्याच नाही. मी याच्याहून कमी काही करू शकत नाही, वैनी."

वैनी तो पूर्वी म्हणायचा, बाबूसिंग होता तेव्हा. ते ऐकून तिला रडू आलं.

घरच्या अंगणात पोचल्यावर सुनील म्हणाला, "काहून याडी? काहून?" तिला वाटलं होतं, खरं बोलल्यावर भीती जाते. भीती तशीच होती.

सकाळी न्हाण्याच्या वेळी ती चुलीजवळ बसून राहिली. नायकाच्या घरून बाळाचं रडणं येत होतं. श्वास अडकून अडकून येणारं. मान नीट धरलेली नाही, हे तिला इथं बसून कळत होतं. उठावं तर बंदी. ती दोनदा उठली आणि दोनदा बसली.

थोड्या वेळानं कुंपणापलीकडे नंदाबाई उभी दिसली. पदर ओला होता. इकडेतिकडे बघत ती म्हणाली, "हंसाबाई, पोट्टं हातातून सटकते वं माह्या. निळंच पडलं होतं. कसं धरू, सांग."

हंसाबाईनं अंथरुणावरची गोधडी गुंडाळली, अंगणात पाय पसरून बसली आणि गोधडी पायांवर घेतली. "हे पाहा बाई. अंगठा कानाच्या मागं. हाताची वाटी मानेखाली. पानी कपाळावरून मागं जाऊ द्याचं, नाकाकडं नाही." कुंपणापलीकडे नंदाबाई मातीत बसून, ओच्याचा बोळा करून तसंच करत होती. हंसाबाई म्हणाली, "हात खाली घ्या थोडा. हां. असं."

नंदाबाई उठली, पण गेली नाही. आवाज आणखी खाली आणून म्हणाली, "आन् शेवटच्या गडव्याले काय म्हनाचं?"

हंसाबाईनं रस्त्याकडे बघितलं. राजकुमारच्या घराचं दार उघडं होतं.

"तुमाले जे येते ते म्हना, बाई," ती म्हणाली. "फक्त त्याले घट्ट धरून म्हना."

नंदाबाईनं मान हलवली आणि ती लगबगीनं निघून गेली. हंसाबाई बाळाचं रडणं थांबेपर्यंत तशीच बसून राहिली, गोधडीच्या मानेखाली हात देऊन.